दाढेखालची सावली

माझी दाढ दुखायला लागली तेव्हा आम्हाला आचोळ्यात राहायला येऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मिस्टर नोकरीसाठी रोज मुंबईला जायचे, मी नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवायची, आणि घरी सासूबाई असायच्या. दुखणं खाली डावीकडे होतं. सुरुवातीला चार दिवस लवंग धरली, मग मिठाच्या गुळण्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहिता लिहिता अशी कळ आली की खडू हातातच मोडला. त्या दिवशी संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेले.

तिथे नेहमीचीच गर्दी होती. डॉक्टर चांगले असावेत, पण त्यांना वेळ नव्हता. त्यांनी तोंडात एक लहानशी फिल्म धरायला लावली, एक्स-रे काढला, आणि अर्ध्या तासाने मला पुन्हा आत बोलावलं. फिल्म दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "हा काळा डाग दिसतो? मुळाशी पू झालाय. ही दाढ जाणार. बुधवारी या, काढून टाकू."

मी मान हलवली. खरं म्हणजे मला काहीच दिसलं नव्हतं. आगपेटीपेक्षाही लहान अशी ती काळी-करडी पट्टी, त्यात पांढरट उभे ठोकळे. डाग कुठला, दाढ कुठली, वर कुठे आणि खाली कुठे, काही कळलं नाही. पण "दिसतं" असं म्हणून मी बाहेर आले. इतरही सगळे तसंच म्हणत असणार. फिल्म एका खाकी पाकिटात घालून त्यांनी माझ्या हातात दिली होती. घरी येऊन मी ती ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. उलटी धरली, सुलटी धरली. सासूबाई म्हणाल्या, "काढायची तर काढ गो. माझ्या अशाच गेल्या सगळ्या." त्यांच्या तोंडात तेव्हा पुढचे चार दात उरले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझा चेहरा बघून एका सहकारी बाईंनी विचारलं. त्या वसईजवळच्या होळी गावच्या, ख्रिस्ती घरातल्या. मी पाकीट दाखवलं. त्या म्हणाल्या, "काढण्याआधी आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवा. त्या सांगतील तेच करा. पण त्या नुसतं सांगत नाहीत, समजावतात. वेळ काढून जा."

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी एस.टी.ने वसईला गेले आणि तिथून रिक्षाने होळीला. दवाखाना म्हणजे एका बैठ्या घराची पुढची खोली होती. घराच्या मागे वाडी, केळी आणि भाजीचे वाफे. ओट्यावर डॉक्टरांचे वडील पालकाच्या जुड्या बांधत बसले होते. त्यांनी मला आत जायची खूण केली आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. सुती सलवार-कमीज, वर पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. माझी हकीकत त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतली. मग पाकिटातली फिल्म कडेला धरून बाहेर काढली, आणि दिव्याकडे नेण्याऐवजी माझ्याच हातात दिली.

"टीचर, डोळे मिटून हिच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. काही लागतं?"

एका कोपऱ्यात बारीकसा उंचवटा लागला.

"तो उंचवटा आपल्याकडे येईल अशी धरायची. म्हणजे मी तुमच्यासमोर उभी राहून तुमच्या तोंडात बघतेय, तसं चित्र दिसतं. उलटी धरली की डाव्याचं उजवं होतं. मलासुद्धा."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. भिंतीवर दिव्याची पेटी होती, पण उजेडाला खिडकी बरी, असं त्या म्हणाल्या. मग पेन्सिलीच्या टोकाने, फिल्मला न टेकवता, त्या एकेक गोष्ट दाखवू लागल्या. जे किरणांना अडवतं ते पांढरं. जितकं घट्ट, तितकं पांढरं. दातात भरलेली चांदी म्हणून चुन्यासारखी पांढरीफटक. दाताचं वरचं कवच त्याहून थोडं कमी. आतला दात करडा. दाताच्या पोटात नस असते, ती मऊ, म्हणून मधे काळी रेघ. हाड जाळीदार, म्हणून त्यात काळे-पांढरे ठिपके. बोलताना एकही कठीण शब्द त्यांनी वापरला नाही. मी भाषा शिकवणारी, त्यामुळे मला ते विशेष जाणवलं. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी तो वाडीतून, घरातून आणला होता.

"आता तुम्ही सांगा. यात तुमची दुखरी दाढ कुठली?"

सुळ्यापासून दुसरी. मी मोजून दाखवली. आणि तिच्या मुळाच्या टोकाशी एक गोल काळी सावली होती. आता मला ती स्वच्छ दिसली.

"आहे," मी म्हणाले. "डाग आहे."

"आहे. त्या डॉक्टरांनी चुकीचं पाहिलेलं नाही. पण काळं म्हणजे सडलेलं, असं नसतं टीचर. काळं म्हणजे तिथे किरण अडले नाहीत, एवढंच. का अडले नाहीत, ते आपल्याला शोधायचंय." मग त्यांनी मुळाभोवतीची केसाएवढी बारीक पांढरी रेघ दाखवली. "पू झाला की बहुतेक वेळा ही रेघ तिथे पुसली जाते. तुमची सावलीच्या आतूनही जाताना दिसतेय. बारीक आहे, पण तुटलेली नाही. आणि ही दाढ वरून किडलेलीही नाही. मग पू आला कुठून?"

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि फ्रिजमधून इंजेक्शनच्या सुईचं प्लॅस्टिकचं टोपण घेऊन आल्या. त्यात पाणी भरून बर्फाची काडी केलेली होती. ती काडी त्यांनी आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावली, मग दुखऱ्या दाढेला. दोन्हीकडे सारखीच शिरशिरी आली आणि काडी काढल्यावर गेली.

"हिच्यातली नस जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मेलेल्या नसेला थंड कळत नाही."

तरीही त्यांना पुरेसं वाटलं नाही. आणखी एक एक्स-रे काढायचा, असं त्यांनी ठरवलं. पाळी चुकलेली नाही ना, हे विचारून घेतलं, अंगावर शिशाचा जड एप्रन घातला आणि फिल्म बोटाने धरून ठेवायला सांगितली. फिल्मची कड जिभेखाली टोचत होती. यंत्राची नळी त्यांनी पहिल्या एक्स-रेच्या वेळेसारखी समोर न ठेवता बरीच बाजूला सरकवली. भिंतीआड जाऊन बटण दाबलं. कुठेतरी बारीक आवाज झाला, तेवढंच.

फिल्म धुवायला एक काळी पेटी होती. तिला दोन बाजूंना कापडी बाह्या आणि वर लाल काच. त्यात हात घालून त्या उभ्या राहिल्या आणि आतल्या औषधांच्या वाट्यांमधून फिल्म फिरवत राहिल्या. आंबूस वास येत होता. तेवढ्या वेळात त्यांनी मला खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं.

"एक डोळा मिटा. खिडकीचा गज आणि बाहेरचा माड एका ओळीत आणा. आला?"

"आला. गजाने झाकला."

"आता मान थोडी डावीकडे न्या."

माड गजाच्या मागून बाहेर आला.

"माड गजालाच चिकटलेला असता तर बाहेर आला असता का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पेटीतून हात काढले, ओली फिल्म चिमट्याने धरून माझ्याजवळ आणली. दुसऱ्या फोटोत काळी सावली दाढेच्या मुळापासून सुटली होती. दोन मुळांच्या मधे, एकटीच, गोल. मुळाचं टोक साफ होतं.

मी काही बोलायच्या आधीच मला समजलं होतं. सावली दाढेची नव्हतीच. ती मागे कुठेतरी होती आणि पहिल्या फोटोत फक्त एका ओळीत आली होती.

"जबड्यात तिथे एक भोक असतं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांनाच. हनुवटीकडे आणि ओठाकडे जाणारी नस त्यातून बाहेर येते. देवानेच ठेवलेलं आहे. तुमची ही दाढ एकदम चांगली आहे, टीचर. बुधवारी काढू नका."

मी खुर्चीवर बसले. हायसं वाटलं, आणि लगेच ठणका पुन्हा सुरू झाला. मी विचारलं, "मग दुखतंय काय?"

"ते मला अजून माहीत नाही."

इतक्या सहज हे वाक्य मी कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या आणखी फोटो काढणार होत्या, पण तेवढ्यात वीज गेली. त्या काळात वसईपट्ट्यात ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा. अर्धा तास आम्ही थांबलो. शेवटी त्यांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "सोमवारी या. तोवर एक करा. कळ कधी येते ते लिहून ठेवा. गरमाने, थंडाने, चावल्याने, काय ते."

मी लिहिलं. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. रविवारी सकाळी चहा, कळ. दुपारी वरण, कळ. ताक प्यायल्यावर उलट बरं वाटलं. सासूबाईंना माझं वही घेऊन जेवायला बसणं विचित्र वाटत होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर गेले. डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "गरमाने येते आणि गाराने थांबते. म्हणजे कुठली तरी नस मरायच्या वाटेवर आहे. पण ती खालचीच असेल असं नाही. एका बाजूचे वरचे आणि खालचे दात मेंदूला एकाच रस्त्याने निरोप देतात. तो कुणाचा, हे नेहमी कळत नाही."

या वेळची फिल्म वेगळी होती. तिला मधे कागदाची पट्टी होती, ती दातांत चावून धरायची. त्यामुळे वरच्या आणि खालच्या दाढा एकाच फोटोत आल्या. धुऊन झाल्यावर त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली आणि स्वतः हात पुसत बाजूला उभ्या राहिल्या. "बघा, काय दिसतं."

मी उंचवटा चाचपला, फिल्म खिडकीकडे धरली. खालची ओळ सरळ होती. वर, मागे, एका दाढेत पांढराफटक ठोकळा. ती चांदी मी कॉलेजात असताना भरून घेतली होती आणि विसरूनही गेले होते. ठोकळ्याच्या वरच्या कडेला, म्हणजे खरं तर दाताच्या आतल्या बाजूला, एक काळपट पट्टा होता. तो थेट नसेच्या काळ्या रेघेपर्यंत गेल्यासारखा वाटत होता.

"चांदीच्या मागे काळं आहे," मी म्हणाले. "भरलेलं तर पांढरं असायला हवं. दात करडा असायला हवा. हे दोन्ही नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. "मलाही तिथेच संशय होता. जुन्या चांदीच्या आडून कीड गेलीय. तोंडात बघून कळलं नसतं. पण नुसत्या फोटोवर मी तुमच्या दाढेला हात लावणार नाही. खात्री करू."

त्यांनी मला गरम पाणी प्यायला दिलं. कळ सुरू झाली, नेहमीसारखी खाली डावीकडे. मग त्यांनी वरच्या दाढेशी भुलीचं इंजेक्शन दिलं. फक्त वर. आम्ही थांबलो. घड्याळाकडे बघत मी खालच्या कळेची वाट पाहत होते आणि ती कमी होत गेली. पाच-सहा मिनिटांत पूर्ण थांबली. तीन आठवडे खाली ठणकत असलेलं दुखणं वरच्या इंजेक्शनाने गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला.

त्या दाढेचं रूट कॅनल करायचं ठरलं. दरम्यान मी स्टेशनजवळच्या दवाखान्यात जाऊन आले, कारण बुधवारची वेळ रद्द करायची होती आणि न सांगता ती टाळणं बरं वाटेना. खालच्या दाढेच्या दोन्ही फिल्म बरोबर नेल्या. डॉक्टरांनी त्या शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या. मागे पेशंट ताटकळत होते. मग ते म्हणाले, "मी दुसरा फोटो काढायला हवा होता." आणि पुढे विचारलं, "कुणी काढला हा?" मी सांगितलं. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून घेतला. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथेच गेला.

रूट कॅनलसाठी चार-पाच खेपा झाल्या. दाढेला तीन मुळं. प्रत्येकात केसासारखी बारीक सुई घालून, सुई आत असतानाच फोटो काढायचा, म्हणजे ती टोकापर्यंत पोचली की नाही ते कळतं. दर वेळी फिल्म वाळेपर्यंत आम्ही बोलायचो. एकदा मी विचारलं, "हे सगळं पेशंटला समजावायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "बाबांनी." कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची दाढ सुजली म्हणून त्या त्यांना आपल्याच कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. फोटो निघाला. वडील मुलीला विचारत राहिले, हे काळं काय, हे पांढरं काय. "मला सगळं येत होतं, परीक्षेत चांगले मार्क होते. पण मराठीत एक वाक्य सांगता येईना. घरच्या बोलीत तर नाहीच. बाबा म्हणाले, बाय, तुला येतं तर मला कळत का नाही?" तेव्हापासून नवीन काही शिकलं की त्या आधी वडिलांना सांगायच्या. त्यांना कळलं तर आपल्याला आलं. खिडकीचा गज आणि माड ही वडिलांचीच सूचना. पूर्वी त्या दोन पेन्सिली धरून दाखवायच्या आणि निम्म्या लोकांना ते कळायचं नाही.

शेवटच्या खेपेला मुळं भरून झाली. चांगलं झालं, असं मला वाटत होतं, दुखणं तर केव्हाच थांबलं होतं. शेवटचा फोटो त्यांनी खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा पाहिला. मग तो माझ्याकडे दिला.

"ही तिसरी रेघ बघा. दोन मुळांत पांढरी रेघ टोकापर्यंत गेलीय. हिच्यात अलीकडेच थांबलीय. इथे मी कमी पडले."

मी पाहिलं. खरंच थोडी जागा रिकामी होती.

"चालेल का तसं?"

"कदाचित चालेल. कदाचित पाच वर्षांनी दुखेल. मला ते आवडत नाही. तुमची हरकत नसेल तर उघडून पुन्हा भरू. माझी चूक आहे, याचे पैसे नाहीत."

आणखी एक शनिवार गेला. त्यांनी सगळं उघडलं, पुन्हा भरलं, पुन्हा फोटो काढला. या वेळी तिन्ही रेघा टोकाशी पोचल्या होत्या. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, आधीचा फोटो त्यांनी नुसता पाकिटात घातला असता तर मला कधीच कळलं नसतं. पण वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. आपली चूक समोरच्याला दिसेल इतकं त्याला शिकवायचं, याला किती मोठं मन लागत असेल. वर्गात फळ्यावर माझ्या हातून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी ते पटकन पुसून टाकायची. त्यानंतर ते थांबवलं. मुलांना विचारायला लागले, कुठे चुकलं सांगा.

तीन-चार वर्षांनी सासूबाईंचे उरलेले दातही गेले आणि कवळी बसवायची वेळ आली. आधी दुसरीकडे एक कवळी करून झाली होती, ती एका जागी अशी टोचायची की त्यांनी ती डब्यात घालून ठेवली होती. मी त्यांना होळीला घेऊन गेले. फोटो काढायचा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "दात नाहीत तर फोटो कसला?"

डॉक्टर हसल्या. "काकू, तेच तर बघायचंय. नाहीत ना, ते."

फिल्म धुऊन झाली. डॉक्टर शेजारी स्टूल घेऊन बसल्या, सासूबाईंचा चष्मा नीट करून दिला आणि माझ्याशी बोलल्या होत्या तसंच, पांढऱ्यापासून सुरुवात केली. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या मधे मधे "हां" म्हणत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच बोट पुढे केलं.

"सगळं ठिपक्या-ठिपक्यांचं आणि हे एवढंच कसं गो घट्ट? दात आहे काय हा?"

"दाताचं मूळ. काढताना तुटून आत राहिलेलं. किती वर्षं झाली असतील?"

सासूबाई आठवत राहिल्या. धाकट्या मुलाच्या जन्माच्या आधी, म्हणाल्या. म्हणजे माझं लग्न व्हायच्याही कितीतरी आधी. तिथेच कवळी टोचत होती. वर हिरडीवर काही दिसत नसल्याने सगळे त्यांना सवय होईल म्हणून सांगत आले होते.

"चार ठिकाणी दात काढले माझे," त्या सावकाश म्हणाल्या. "आत काय आहे ते कुणी दाखवलं नाही. मीही कधी विचारलं नाही."

मूळ निघालं. दीड-दोन महिन्यांनी नवीन कवळी बसली आणि ती टोचली नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी भाजलेलं कणीस खायला मागितलं. आगाशीच्या बाजारातून मिस्टरांनी ते आणलं, आणि त्यांनी एकेक दाणा सोडवत ते संपवलं.